पंगुगृहाचे नव्याण्णव दिवस

सोमवार, ता. ४ नोव्हेंबर १८८९. कल्याण.

झाले! सकाळच्या गाडीने ठाणे सोडले आणि कल्याणास उतरलो तो थेट पंगुगृहाचा व्यवस्थापक म्हणून. परवापर्यंत मी तुरुंगाच्या कचेरीतला कारकून होतो. आज माझ्या हाताखाली पाच माणसे आहेत आणि 'हरिहर विनायक, व्यवस्थापक' अशी पाटी रंगायला टाकली आहे. अक्षर वाकडे येते आहे ते आनंदाने, भीतीने नव्हे.

इमारत म्हणजे काळुराम शेटजींची खाडीकाठची भाताची वखार. देवळांच्या पायऱ्यांवर पडलेल्या लुळ्यापांगळ्यांना छप्पर द्या, असे शेटजींच्या आईने जाताना सांगितले, म्हणून त्यांनी ती रिकामी केली. कमिटीने मात्र शंभर दिवसांची मुदत घातली आहे. दहा फेब्रुवारीला ठाण्याहून मोठे डॉक्टर येऊन पाहणार. त्यांनी बरे म्हटले तर पंगुगृह कायम. नाही म्हटले तर वखारीत पुन्हा भात आणि माणसे पुन्हा पायऱ्यांवर. कमिटीचे उपाध्यक्ष वकील भाऊसाहेब म्हणाले, "हरिहरपंत, शंभर दिवस बघता बघता जातात." मी म्हटले, "भाऊसाहेब, मला पन्नास पुरेत."

ही, म्हणजे आमचे कुटुंब, गाडीत बोचकी सांभाळीत बसली होती. चूल मांडताना एकदाच म्हणाली, "कैद्यांची वजनं लिहिणं वेगळं आणि दुखणाईत माणसं सांभाळणं वेगळं." बायकांना व्यवस्था म्हणजे काय ते ठाऊक नसते. मी हसून सोडून दिले.

गुरुवार, ता. ७ नोव्हेंबर.

तीन दिवस बसून एक्केचाळीस नियम लिहून काढले. काय बिशाद आहे कुठे चूक निघण्याची! पंधरा माणसे आणि पाच नोकर, म्हणजे तिघांमागे एक. एवढी चाकरी एखाद्या जहागिरदाराकडेही नसेल.

नोकरांची कुरकुर होऊ नये म्हणून कामाची वाटणी ज्याच्या त्याच्या जातीला धरून केली आहे. आचारी सोवळ्याने शिजवणार आणि उंबऱ्यापर्यंत आणून ठेवणार. पाणक्या पाणी भरणार. तानाजी आणि रतन हे दोन गडी ताटे आत नेऊन ठेवणार, अंथरुणे घालणार. झाडूवाला उष्टी उचलणार, झाडलोट करणार. कोणी कोणाच्या कामात हात घालायचा नाही. संध्याकाळी सर्वांना वाचून दाखवले. तानाजी म्हणाला, "मंग तर काय भांडानच नाय, रावसायेब." हेच मला हवे होते.

नोंदवहीत प्रत्येक जेवणाला चार खण आखले आहेत: शिजवले, आत नेले, ठेवले, उचलले. ज्याचे काम त्याने अंगठा उठवायचा. वहीला लाल कापडाची बांधणी केली आहे. ती उशाशी घेऊन झोपावे असे वाटते.

शनिवार, ता. ९ नोव्हेंबर.

आले! सगळे आले! नऊ पुरुष, सहा बायका. दिवसभर अंगणात गाड्या येत होत्या आणि मी प्रत्येकाचे नाव लिहून घेत होतो.

पहिला आला सहदेव. सारा जन्म खाडीत पडाव चालवण्यात गेला. गेल्या वर्षी वारा अंगावरून गेला, उजवी बाजू मेली, वाचाही गेली. जुन्या सोबत्यांनी त्याला देवळाच्या पायरीवरून झोळीत घालून आणला आणि तोंड फिरवून डोळे पुसत निघून गेले. एक आंधळ्या काकू आहेत, कल्याणातल्याच, चांगल्या घरच्या, पण मागे कोणी उरले नाही. आणि आंबिवलीकडची गंगुबाई. ही सुईण. पाच-सहाशे पोरे हिच्या हातावर जन्मली म्हणतात. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पुतण्याकडे होत होती ती ओढाताण. काकूंनी तिचा आवाज ओळखला. "अगं, आमच्या घरची सगळी बाळंतपणं हिनेच केली!" म्हणाल्या आणि दोघी गळ्यात पडल्या. काकू सोवळ्याच्या, पण सुईणीचा विटाळ मानत नाहीत असे दिसते.

गंगुबाई भिंत चाचपत सगळी वखार फिरली. वारा कुठून येतो, पाठीला जखमा कोणाकोणाला आहेत, असे प्रश्न विचारीत होती. मी म्हटले, "बाई, तुम्ही आता फक्त आराम करायचा. नियम सोळा." बाई जरा बडबडी आहे.

रविवार, ता. १० नोव्हेंबर.

आज वजने! ही माझी खास युक्ती. तुरुंगात दर पंधरवड्याला कैद्याचे वजन होते, तसे इथे का नको? शेटजींचा भात तोलायचा मोठा काटा वखारीत होताच. एका पारड्यात वेताची पाटी बांधली, पाटीत माणूस, दुसऱ्या पारड्यात वजने. काकूंना पाटीत बसवले तेव्हा त्या लहान मुलीगत हसल्या. सहदेव भरला एक्याऐंशी रत्तल. एवढा थोराड सांगाडा आणि एक्याऐंशी!

माझे म्हणणे साधे आहे. माणूस बरा सांभाळला की नाही, हे काटा सांगतो. तोंडाने कोणीही काहीही सांगेल.

रविवार, ता. २४ नोव्हेंबर.

वाढले! पंधरापैकी चौदांचे वजन वाढले! सहदेव पंचाऐंशी! मी अंगणातच ओरडलो. तानाजी धावत आला, त्याला वाटले मला विंचू चावला.

याचे कारण वेळ. बारा म्हणजे बारा. जेवणाच्या वेळी वाजवायला स्टेशनवरून रुळाचा एक तुकडा मिळवून टांगला आहे. त्याचा टोला खाडीपलीकडे जातो. टोल्याबरोबर ताटे हलतात आणि तासाभरात चारही खणांत अंगठे उठतात. मी कचेरीच्या खोलीत बसून नुसता आवाज ऐकतो आणि समजतो की सर्व यथास्थित चालले आहे. कमिटीला सात पानी अहवाल पाठवला.

हिने रात्री ताट वाढताना विचारले, "त्या सहदेवाचा हात चालत नाही. त्याला भरवतं कोण?" मी वही आणून चारही अंगठे दाखवले. तिने वही बाजूला सारली आणि म्हणाली, "भात अजून वाढू का?"

मंगळवार, ता. ३ डिसेंबर.

आज नियमभंग झाला. दुपारी मी कधी नव्हे तो पुरुषांच्या बाजूला डोकावलो, तर गंगुबाई सहदेवाच्या खाटेवर! त्याला चादरीसकट कुशीवर वळवून पाठीला तेल चोळीत होती. नियम नऊ, बायकांनी पुरुषांच्या बाजूस जाऊ नये. नियम सोळा, येथील माणसांकडून कोणतेही काम करवू नये. मी तसे बजावले.

ती म्हणाली, "रावसायेब, आंग फिरवला नाय तर चामडी जातं. दिसाला चार येला फिरवायला लागतं."

"त्यासाठी नोकर आहेत."

"हाईत ना," ती म्हणाली आणि हात पुशीत उठली. डोळ्यांनी दिसत नसूनही खाटा चुकवीत बरोबर दाराशी गेली. मला तेव्हाच सुचले. ही बाई पांगळी कुठे आहे? ही तर चांगली ठणठणीत आहे! आमच्या इथे आल्यावर झाली!

रविवार, ता. ८ डिसेंबर.

सहदेव सत्त्याऐंशी. मला झोप येत नाही आनंदाने.

बुधवार, ता. ११ डिसेंबर.

आजचा दिवस सोन्याचा. पंगुगृहातून पहिले माणूस बरे होऊन घरी गेले!

नियम तीन असा की ज्यास स्वतःचे स्वतःस करता येत नाही त्यानेच येथे राहावे. गंगुबाई नियमात बसत नाही हे मी कमिटीपुढे मांडले. भाऊसाहेब खूष झाले. नवे लुगडे, नारळ, आणि आंबिवलीपर्यंत गाडी. मी चार शब्द बोललो. शेटजींनी टाळ्या वाजवल्या. गाडीत चढताना गंगुबाईने हिला बाजूला घेऊन बराच वेळ काही सांगितले, हात हवेत वळवून वळवून दाखवले. बायकांचा निरोप म्हणजे असाच लांबतो.

गाडी निघाल्यावर काकू रडू लागल्या. आनंदाचे असावे.

रविवार, ता. २२ डिसेंबर.

काहीतरी बिघडले आहे. पुरुषांची वजने उतरली. नऊच्या नऊ. सहदेव ब्याऐंशी.

काटा तपासला, ठीक आहे. दुसऱ्यांदा तोलले, तेवढेच. नवल म्हणजे बायकांची वजने जिथल्या तिथे आहेत. थंडी पुरुषांना जास्त बाधत असावी. आजपासून पुरुषांना दर माणशी एक पळी तूप जास्त.

हिने नवेच व्रत धरले आहे. एवढ्या थंडीत दुपारी दुसऱ्यांदा अंघोळ करते. कसले व्रत म्हणून विचारले तर म्हणते, "आहे एक." मी जास्त खोदले नाही.

रविवार, ता. ५ जानेवारी १८९०.

सहदेव अठ्ठ्याहत्तर.

आला तेव्हा एक्याऐंशी होता! म्हणजे पायरीवर पडला होता तेव्हा बरा होता आणि माझ्या नियमांत वाळतो आहे! छत्तीस दिवस उरले. तूप दिले, कांबळी दिली, रुळावर टोले वाढवले. आचाऱ्यावर संशय घेऊन त्याच्याशी भांडलो. त्याने जानव्याची शपथ घेतली आणि रडला. तिकडच्या बाजूला वासही येऊ लागला आहे. झाडूवाल्यास विचारले तर म्हणतो, "जमीन तर दोनदा झाडतो." खरेच झाडतो, जमीन लख्ख आहे.

नोंदवही मात्र निर्दोष! एक खण रिकामा नाही! मग जेवण जाते कुठे?

हिला हे सगळे सांगत होतो. ही तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, एक दिवस कचेरीत बसू नका. तिथे जाऊन बसा. बाराचा टोला पडल्यापासून ताटं उचलेपर्यंत. काही बोलू नका, नुसते बसा."

मंगळवार, ता. ७ जानेवारी.

बसलो. आता लिहितो, जसे पाहिले तसे.

बारा वाजता आचाऱ्याने उंबऱ्याशी ताटे ठेवली आणि तो मागे सरला. तानाजीने एक ताट उचलले, सहदेवाच्या उशाशी नेऊन ठेवले आणि तो पुढच्या खाटेकडे गेला. सहदेव ताटाकडे पाहत राहिला. उजवा हात मेलेला, डावा अंगाखाली अडकलेला. त्याने खांदा हलवून तो सोडवायची खटपट केली, मग सोडून दिली. हात सुटेल त्या दिवशी चार घास पोटात जात असावेत, तेवढ्यावरच तो तगला. शेजारच्या खाटेवरच्याने आपल्या ताटावर वाकून एक घास कसाबसा खाल्ला, दुसरा सांडला. तासाभराने झाडूवाला आला आणि भरलेले ताट घेऊन गेला. मग सगळ्यांनी येऊन माझ्यासमोर अंगठे उठवले. शिजवले होते. आत नेले होते. ठेवले होते. उचलले होते. चारांपैकी एकही अंगठा खोटा नव्हता.

ताट ठेवणे आणि ताट उचलणे यांच्या मधला खण मीच आखला नव्हता!

"तानाजी, अरे, तू त्याला भरवत का नाहीस?"

"उष्टं ते, रावसायेब. माझं काम ठेवायचं. तुमीच वाचून दाखवलेलं ना."

"मग इतके दिवस कोण भरवत होतं?"

तो माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघू लागला. "गंगुबाय. सगळ्यांना तीच भरवायची, तीच वळवायची. तुमी तिला पाठवलीत. आमाला वाटला, रावसायबांची काय येवजना असंल."

पुढचे लिहायला लाज वाटते, पण ही वही कोणी वाचणार नाही. मी ताट परत मागवले. वरणभात कालवला, घास उचलला, सहदेवाच्या तोंडापर्यंत नेला. त्याच्या वाकड्या ओठातून लाळ गळत होती. मला शिसारी आली. हात तसाच खाली आला आणि मी तानाजीला म्हणालो, "ती खिडकी उघड." खिडकी उघडीच होती. सहदेवाचे डोळे माझ्यावर होते. मी घरी पळालो.

बुधवार, ता. ८ जानेवारी.

पहाटेच खटारा जुंपून आंबिवलीस गेलो. गंगुबाई पुतण्याच्या ओसरीवर वाल सोलीत बसली होती. माझ्या खोकल्यावरून तिने मला ओळखले.

सगळा वाटभर मी बोलायचे घोकत गेलो होतो. प्रत्यक्षात म्हणालो, "सहदेव मरेल."

"मना ठावं हाय," ती म्हणाली. "येनार कवा, तेवडाच बघत होते."

"चला. आत्ता चला. नियम मोडतो मी सगळे."

"येईन. पन पांगली म्हनून नाय येनार. कामाला म्हनून येईन. आनि माज्या हाताखालच्या दोन बाया आनीन. एकटीनं चवदा जनांना वळवून माजी कंबर गेली."

"कबूल."

"चवदा कुठं, नवच आता. बायांचा तर वयनीच करतान."

मला कळेना. कोण वहिनी?

"तुमची हो! जाताना मी शिकवला ना त्यांना, कसा वळवायचा, घास कसा द्यायचा. दुपारी तुमी लिवत बसता तवा त्या तिकडंच असतान. घरी जाऊन आंगोल करतान, तुमचा सोवला राहावा म्हनून. पुरुषांच्या बाजूला त्या कशा जातील?"

दोन अंघोळी! आणि मी 'थंडी पुरुषांना जास्त बाधते' असे लिहून ठेवले आहे! मी ओसरीवर खाली बसलो. पुतण्याच्या बायकोने पाणी आणून दिले.

गंगुबाईचे अजून एक राहिले होते. "पयला हात तुमी घालायचा, रावसायेब. धनी हात घालीत नाय तवर गडी घालीत नाय. घालाल?"

मी कालचे सांगितले, शिसारीचे. ही बाई मला हाकलून देईल असे वाटले. ती हसली. "मी पयलं पोर काढला तवा तिथंच वकले होते. सासूनं पाठीत धपाटा घातला. तुमाला कोन घालील? चला."

गुरुवार, ता. ९ जानेवारी.

काल रात्री हिला विचारले, "मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "विचारलं होतं मी. तुम्ही वही दाखवलीत."

मंगळवार, ता. १४ जानेवारी.

काय धमाल चालली आहे! वखारीत वाऱ्याचा मार्ग बघून साऱ्या खाटा हलवल्या. गंगुबाईबरोबर तिच्या हाताखालची नंदा आणि नंदाची जाऊ आल्या आहेत. माझे एक्केचाळीस नियम खुंटीवर आहेत आणि बाईचे तीन चालू आहेत: दिवसातून चारदा अंग फिरवायचे, घास भरवताना उभे राहायचे नाही, शेजारी बसायचे, आणि तोंडात घास असताना उठून जायचे नाही, मग आग का लागेना. मी वहीत लिहून घ्यायला लागलो तर म्हणाली, "लिवू नका, करा."

सहदेवाची पाठ पाहिली. तळहाताएवढी जखम. ती सोडून मी इतके दिवस जमीन पाहत होतो. नंदा ती रोज कढत पाण्याने धुते.

आणि मी भरवतो! पहिल्या दिवशी दोनदा बाहेर जाऊन आलो. तिसऱ्या दिवशी एकदा. आज गेलो नाही. सात जणांनी माझ्या हातचे खाल्ले! तानाजी दाराशी उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, "रावसायेब कालवतात तर आपल्याला काय झाला?" आणि मांडी घालून बसला.

एक सहदेव मात्र माझ्या हातचे घेत नाही. दात आवळतो. गंगुबाई बसली की तोंड उघडतो, तानाजी बसला तरी उघडतो. मी बसलो की मिटतो. त्या दिवशी मी त्याच्यापुढून पळालो हे तो विसरलेला नाही. मी गंगुबाईला तसे म्हटले.

ती म्हणाली, "तसा नाय. बामनाच्या हाताला आपला उष्टा लागला तर पाप लागंल, असा वाटतं त्याला. जवल आला मरान, म्हनून जपतं बिचारा. तुमी बसत जावा. उठू नका."

म्हणून रोज दुपारी बसतो. पहिला घास मी पुढे करतो, तो दात आवळतो, मग उरलेले तानाजी भरवतो.

रविवार, ता. २ फेब्रुवारी.

सहदेव ब्याऐंशी! सगळे चढते आहेत! जखमेला कडेने नवी कातडी धरली.

संध्याकाळी भाऊसाहेब आले. गावात बोलणे सुरू झाले आहे म्हणाले. "तुम्ही सगळ्या जातींची उष्टी काढता, तुमच्या घरातूनही तेच. उद्या तुमच्या पंक्तीला कोण बसेल?" मी म्हटले, आचारी अजून राहिला आहे ना. त्यांना ते रुचले नाही. त्यांनी दहा तारखेची व्यवस्था बजावली: डॉक्टरसाहेब अकराला येतील. नोकर धुतल्या फेट्यांत ओळीने उभे, टेबलावर नोंदवही, बायका मागीलदारी. तुम्ही कोट घालून दारात. भरवणे वगैरे काही दिसता कामा नये.

मी हो म्हणालो. पंगुगृह राहायचे असेल तर एक दिवस एवढे चालेल. गंगुबाईस सांगितले तेव्हा ती तेलाची वाटी घेऊन सहदेवाच्या खाटेकडे निघून गेली. त्यापेक्षा भांडली असती तर बरे.

सोमवार, ता. १० फेब्रुवारी.

पंगुगृह कायम! कायम! डॉक्टरसाहेबांनी आमच्याच टेबलावर बसून लिहून दिले आणि शेटजींनी त्यांच्या देखत वखार कायमची आमच्या नावे केली! मघापासून तीनदा अंगणात फेरी मारून आलो. आता क्रमाने लिहितो, नाहीतर राहून जाईल.

अकराला सगळे ओळीने उभे. मी कोटात. नोंदवही टेबलावर. सव्वाअकरा, साडेअकरा. गाडीला उशीर. पावणेबारा. आतून खाटा करकरू लागल्या, माणसांना जेवणाची वेळ कळते. भाऊसाहेब म्हणाले, "तासभर उशीर झाला तर काही मरत नाहीत."

बारा वाजले. कोणीच टोला दिला नाही. मग मागीलदारच्या बाजूने टोला पडला. मोठा! पाहतो तर रुळाच्या तुकड्याशी ही उभी. माझी बायको, चार परक्या पुरुषांच्या देखत, डोक्यावरचा पदर सावरीत, हातात लोखंडी दांडा! तिने माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. दांडा ठेवला आणि बायकांच्या बाजूला निघून गेली.

मी कोट काढून भाऊसाहेबांच्या हातात दिला. त्यांच्याच हातात का दिला कोण जाणे, तेच जवळ होते. तानाजीने फेटा खुंटीला लावला. आचाऱ्याने उंबऱ्याशी ताटे ठेवली, क्षणभर थांबला, आणि मग एक ताट उचलून स्वतः आत आला. मी त्याच्याकडे पाहायचे टाळले.

साहेब नंतर पुष्कळ बोलले. सहदेवाची पाठ पाहिली. एवढी जखम भरून येताना क्वचित पाहिली म्हणाले. त्यांना चांगले मराठी येते. इथे किती माणसे काम करतात, असे विचारले. भाऊसाहेब म्हणाले, पाच. मी म्हटले, दहा. साहेबांनी बोटावर मोजायला लावले, तेव्हा मी पाच नोकर, गंगुबाई, नंदा, तिची जाऊ, मी आणि शेवटी हिचे नाव घेतले. बायकोचे नाव चारचौघांत मी आयुष्यात प्रथमच घेतले. साहेबांनी ते कागदावर लिहिले. मुख्य कोण, असे विचारले तेव्हा मी गंगुबाईकडे बोट केले. ती साहेबांकडे पाठ करून पाणक्याला ओरडत होती. वही मात्र त्यांनी एकदाच उघडली, "अक्षर सुंदर आहे," म्हणाले आणि मिटली. पुढच्या वर्षापासून सगळी व्यवस्था गंगुबाईने पाहावी आणि मी हिशेब-टिपणे सांभाळावीत, असे लिहून दिले आहे. क्षणभर मला वाईट वाटले. खोटे का लिहू, चांगलेच वाईट वाटले. माझ्या नावाची पाटी अजून नवी आहे. पण ते सगळे नंतरचे.

आधी काय झाले ते असे. मी सहदेवाच्या शेजारी बसलो होतो. नेहमीप्रमाणे पहिला घास पुढे केला, नेहमीप्रमाणे त्याने दात आवळले. मी हात तसाच धरून ठेवला. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, बूट वाजले, आणि दारात साहेब, शेटजी, भाऊसाहेब असे सगळे उभे राहिले. माझा कोट भाऊसाहेबांच्या हातातच होता. ते दबक्या आवाजात म्हणाले, "हरिहरपंत, उठा. साहेब आले."

सहदेवाने त्यांच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. मी उठेन म्हणून तो वाट पाहत होता, हे मला स्वच्छ दिसले. मी उठलो नाही. त्याने तोंड उघडले आणि घास घेतला.

"हरिहरपंत!"

"त्याच्या तोंडात घास आहे," मी म्हणालो.

साहेबांनी खिशातून घड्याळ काढले, सहदेवाकडे बघितले, घड्याळ पुन्हा खिशात ठेवले आणि समोरच्या रिकाम्या खाटेवर बसले. ते बसले तसे शेटजीही बसले. भाऊसाहेब कोट धरून उभे. सहदेवाला गिळायला फार वेळ लागतो. एका बाजूने चावतो, मग जिभेने घास इकडचा तिकडे करतो, मग थांबून श्वास घेतो. आम्ही सगळे त्याच्या गळ्याकडे बघत होतो. शेवटी गळा हलला. घास खाली उतरला.

आता साहेब काही विचारतील म्हणून मी वळणार, तेवढ्यात सहदेवाने पुन्हा तोंड उघडले. मी दुसरा घास कालवला.